दसऱ्याच्या धुण्यात जाईल तोच गालिचा घ्यावा

उसाचे बिल हाती आले, घराला नव्या फरशा बसल्या किंवा घरात लग्नकार्य ठरले, की आपल्याकडची मंडळी खरेदीसाठी बारामतीची पेठ गाठतात. सोफा येतो, पडदे येतात आणि हल्ली त्यांच्या जोडीने गालिचाही येतो. पूर्वी कळस आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गालिचा कोणाच्या घरी नसे. जमीन शेणाने सारवलेली किंवा शहाबादी फरशीची. पाहुणा आला की घडवंचीवरची घोंगडी किंवा सतरंजी खाली पडे आणि पाहुणा गेला की झटकून, घडी होऊन पुन्हा जागेवर जाई. आता घरे सिमेंटची झाली, फरश्या गुळगुळीत झाल्या. थंडीत त्या पायाला गार लागतात. बैठकीची खोली उघडी-बोडकी वाटते. मग गालिचा येतो, आणि एकदा अंथरला की वर्षानुवर्षे तिथेच राहतो.

आरोग्याच्या सदरात गालिच्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण दम्याचे मूल घेऊन आई दवाखान्यात येते तेव्हा मी छाती तपासतो आणि लगेच घराची चौकशी करतो. मूल कुठे झोपते? गादी किती जुनी आहे? चूल की गॅस? खाली काय अंथरलेले असते? या प्रश्नांच्या उत्तरांत बरेचदा खोकल्याचे एखादे कारण सापडते. म्हातारा माणूस घरातच पडून मांडीचे हाड मोडून येतो तेव्हाही मी हेच विचारतो, की पाय कशात अडकला? म्हणून गालिच्याची खरेदी मी आरोग्याची खरेदी मानतो. दुकानात रंग आणि नक्षी सगळेच पाहतात. त्याआधी काय पाहावे, ते या लेखात सांगतो.

गालिच्यात काय साठते

आपल्या अंगावरची कातडी सतत झडत असते. मोठ्या माणसाच्या अंगावरून दिवसाला साधारण अर्धा ते दीड ग्रॅम कातडीचा भुगा गळतो. तो डोळ्यांना दिसत नाही. घरातल्या धुळीत त्याचा मोठा वाटा असतो. या भुग्यावर जगणारा एक सूक्ष्म जीव आहे. तो कोळ्याच्या जातीतला, आठ पायांचा, लांबीला मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा. इंग्रजीत त्याला डस्ट माइट म्हणतात. आपण त्याला धुळीतला किडा म्हणू. हॉलंडमधील लायडन शहरातले डॉ. फोरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले, की घरातल्या धुळीची जी ॲलर्जी होते तिचे मुख्य मूळ हा किडा आहे.

हा किडा चावत नाही, रक्त पीत नाही. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. तिचे कण अतिशय बारीक असतात. अंथरुणावर कोणी बसले, मूल उड्या मारू लागले किंवा कोणी झाडू फिरवला, की ते हवेत उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. ज्यांना त्यांची ॲलर्जी असते त्यांना सटासट शिंका येतात, नाक वाहते, डोळे खाजतात. दम्याच्या रोग्याला धाप लागते. काही मुलांच्या अंगावरचा इसब वाढतो.

या किड्याला राहायला गादी, उशी, गोधडी, गाद्यांचा सोफा आणि केसाळ गालिचा अशा जागा आवडतात. गुळगुळीत फरशीवर त्याला आसरा मिळत नाही. गालिच्याचे केस जितके लांब आणि दाट, तितकी धूळ खोल जाते आणि बाहेर निघायला अवघड होते. काही विक्रेते सांगतात, की गालिचा धूळ धरून ठेवतो म्हणून हवा उलट स्वच्छ राहते. धूळ धरून ठेवतो हे खरे आहे. पण धरून ठेवलेली धूळ कधीतरी बाहेर काढावी लागते. ती काढली नाही तर त्याच धुळीवर आपले मूल रांगते, लोळते आणि खाली पडलेला बिस्किटाचा तुकडा उचलून तोंडात घालते.

दसऱ्याचे धुणे आणि आपले ऊन

धुळीतला किडा पाणी पीत नाही. हवेतला दमटपणा तो अंगात शोषून घेतो आणि त्यावरच जगतो. हवेतील आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. इंदापूर आणि बारामतीचा जिरायत भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात दुपारी आपली हवा कोरडी ठणठणीत असते. कोकणात किंवा मुंबईत वर्षभर दमट हवेत राहणाऱ्यांपेक्षा आपण या बाबतीत सुदैवी आहोत. परंतु जुलै ते सप्टेंबर हवा दमट असते, घराची दारे-खिडक्या बंद असतात, कपडे घरातच वाळत घातलेले असतात. या दिवसांत किडे वाढतात. पावसाळा संपता संपता आणि त्यानंतर काही आठवडे शिंका आणि दम्याचे रोगी वाढतात, त्यामागे हवामान आणि सर्दीच्या साथींबरोबर हेही एक कारण असते.

आता आपली जुनी रीत पाहा. नवरात्रात घट बसण्याआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचे. गोधड्या, चादरी, सतरंज्या बैलगाडीत किंवा आता ट्रॅक्टरमध्ये घालून ओढ्यावर, नदीवर, कालव्यावर न्यायच्या, बडवून धुवायच्या आणि बाभळीवर, दगडांवर कडक उन्हात वाळवायच्या. हेच दसऱ्याचे धुणे. ज्यांनी ही रीत घातली त्यांना धुळीतला किडा माहीत नव्हता. त्यांचा हेतू धर्माचा आणि स्वच्छतेचा होता. पण वेळ कशी साधली आहे पाहा. पावसाळ्यात किडे वाढलेले असतात, त्याच सुमारास अंथरुणे धुतली जातात आणि पाठोपाठ ऑक्टोबरचे ऊन पडते.

ऑस्ट्रेलियात सिडनी येथील टोवी आणि वुलकॉक या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाखवले, की गालिचा कडक उन्हाळ्याच्या दिवशी काही तास सरळ उन्हात ठेवला तर त्यातले सर्व किडे मरू शकतात. गालिचा तापतो आणि त्याच वेळी सुकतो, ही दुहेरी मात्रा किड्याला सोसत नाही. मात्र किडे मेले तरी त्यांची विष्ठा आत राहते. म्हणून उन्हानंतर झोडपणे आणि शक्य असेल तर धुणे हवेच.

यावरून एक साधा नियम निघतो. जे अंथरूण दसऱ्याच्या धुण्यात जाऊ शकते, म्हणजे एका-दोघांना उचलता येते, धुता येते आणि उन्हात टाकता येते, तेच घरात आणावे. खोलीभर चिकटवलेला किंवा सोफ्याखाली कायमचा दबलेला गालिचा या धुण्यात कधीच जात नाही. पुढचे सगळे सल्ले या एका नियमातूनच आले आहेत.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक काळजी

आपल्या भागात डाळिंब, द्राक्ष, भाजीपाला, ऊस अशी फवारणीची पिके आहेत. फवारा मारून आलेला माणूस तीच चप्पल आणि तेच कपडे घालून बैठकीत येतो. उघड्यावर पडलेले औषध ऊन, वारा, पाऊस आणि मातीतले जिवाणू यांच्यामुळे हळूहळू नाहीसे होते. घरातल्या गालिच्यात यांपैकी काहीच पोहोचत नाही. त्यामुळे तिथे औषधाचा अंश जास्त दिवस टिकतो. परदेशात शेतमजुरांच्या घरातली धूळ तपासली तेव्हा तिच्यात शेतातली कीटकनाशके सापडलेली आहेत. या धुळीचा सर्वांत जास्त संबंध रांगत्या मुलाशी येतो, कारण त्याचे हात जमिनीवर आणि जमिनीवरचे हात तोंडात.

म्हणून शेतकरी कुटुंबाने गालिचा घ्यायचाच असेल तर आधी घराचा शिरस्ता बदलावा. चप्पल-बूट उंबऱ्याबाहेर. फवारणीचे कपडे बाहेरच काढून वेगळे धुवावेत. हातपाय साबणाने धुऊन मगच आत यावे. दारात काथ्याचे खरखरीत पायपुसणे ठेवावे आणि ते रोज बाहेर नेऊन आपटावे. पाच-दहा हजारांच्या गालिच्यापेक्षा हे स्वस्तातले पायपुसणे आरोग्याला अधिक उपयोगी पडते.

कोणते अंथरूण कसे

*सतरंजी आणि चादर.* सुती, सपाट विणीची, केस नसलेली. झटकता येते, धुता येते, लवकर वाळते. आपल्या शेजारचे सोलापूर चादरीसाठी देशभर प्रसिद्ध आहे आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. जाड चादर खाली अंथरायलाही चालते. दम्याचा रोगी असलेल्या घराला मी पहिली शिफारस सुती सतरंजीची करतो.

*चटई.* प्लास्टिकची चटई ओल्या फडक्याने पुसता येते, त्यामुळे लहान मुलाच्या घरात सोयीची. पण ती निसरडी असते आणि पेट घेतला तर वितळून कातडीला चिकटते. देवघराजवळ, समईजवळ, गॅसजवळ ती नको. गवताची किंवा पातीची चटई चांगली, पण ओलीत तिला बुरशी लवकर येते.

*घोंगडी.* बारामती, इंदापूर, फलटण, माण हा धनगरांच्या मेंढरांचा मुलूख. घोंगडी आपल्या घरचीच. ती उबदार असते, सपाट विणीची असते आणि वर्षानुवर्षे टिकते. गुडघे आखडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला थंडीत फरशीवर बसायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लोकर राठ असल्यामुळे इसब असलेल्या मुलाच्या उघड्या अंगाला ती टोचते, म्हणून वरून सुती चादर घालावी. आणि विणताना चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे अडगळीत ठेवली तर कसर लागते. ती वापरात आणि उन्हात असावी.

*हाताने गाठी मारलेला लोकरी गालिचा.* हा खरा गालिचा. काश्मीर, आग्रा, जयपूर आणि उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगातही इंग्रजी अमदानीत कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. हा गालिचा महाग, पण दोन पिढ्या टिकतो. घरात ॲलर्जीचे कोणी नसेल आणि निगा राखायला माणूस असेल तर लहान आकाराचा घेण्यास हरकत नाही. या धंद्यात पूर्वी लहान मुलांना दिवसभर मागावर बसवले जाई. त्यांची बोटे कापत, छातीत लोकरीची धूळ जाई. त्याविरुद्ध कैलाश सत्यार्थी यांनी चळवळ केली आणि १९९४ च्या सुमारास बालमजुरीमुक्त गालिच्यांसाठी रगमार्क ही खूण सुरू झाली. आज तीच गुडवीव्ह या नावाने ओळखली जाते. सत्यार्थींना २०१४ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. महागाचा गालिचा घेणाऱ्याने ही खूण आहे का, एवढे जरूर विचारावे.

*यंत्रावरचा केसाळ गालिचा.* दुकानांत आणि दारावर विकायला येतो तो बहुतेक हाच. धागा कृत्रिम, मागची बाजू बरेचदा गोंदाने किंवा रबरी थराने चिकटवलेली. दिसायला मऊ, लांब केसांचा, लहान मुलांना आवडणारा. पण धुतला तर मागचा थर सुटतो आणि जाड गालिचा दोन-दोन दिवस वाळत नाही. दम्याच्या घरात मी याला सरळ नाही म्हणतो.

*मांडवातले कार्पेट.* लाल-हिरवे, दाबून केलेले, गुंडाळी करून विकले जाणारे. काही लोक ते खोलीच्या मापाने कापून कायमचे चिकटवतात. हे टाळावे. खाली ओल आली तरी कळत नाही आणि वरची धूळ निघत नाही.

दुकानात काय पाहावे

१. आधी घरी माप घ्यावे. पूर्ण खोलीचे माप देऊ नये. चारही बाजूंना निदान हात-दीड हात फरशी मोकळी राहील असा आकार घ्यावा, म्हणजे कडेची धूळ रोज ओल्या फडक्याने पुसता येते. दार उघडताना खाली घासणार नाही, हेही पाहावे.

२. घरात ज्याला ते रोज झटकायचे आहे त्यानेच दुकानात उचलून पाहावे. बहुतेक घरांत ते काम सुनेकडे किंवा आईकडे असते आणि खरेदी मात्र पुरुषमंडळी करतात. कोरडा गालिचा जड वाटला तर ओला किती जड होईल, याचा विचार करावा. कंबरदुखीच्या रोग्यांत ओले जड अंथरूण उचलल्यामुळे आलेल्या स्त्रिया मी दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास तपासतो.

३. केस बोटांनी बाजूला करून पाहावेत. बोट सहज तळाला लागले पाहिजे. केसांत बोट बुडत असेल तर धूळही तशीच बुडेल.

४. गालिचा उलटून पाठ पाहावी. हाताने विणलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही स्पष्ट दिसते आणि गाठी मोजता येतात. पाठीवर कापड चिकटवलेले असेल तर आत गोंद आहे असे समजावे.

५. पांढरा रुमाल ओला करून गालिच्याच्या कोपऱ्यावर जोराने घासावा. रंग उतरला तर तो मुलांच्या हाताला, कपड्याला आणि पहिल्या धुण्यात सगळ्या सतरंज्यांना लागेल.

६. लोकर म्हणून विकलेला धागा खरोखर लोकरीचा आहे का, याची जुनी परीक्षा आहे. दुकानदाराला विचारून सुटा धागा घ्यावा आणि मोकळ्या जागेत, मुलांपासून दूर, चिमट्यात धरून जाळावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो.

७. पक्के बिल घ्यावे. बिलावर धागा कशाचा ते लिहून घ्यावे. टेम्पो किंवा मोटरसायकलवरून दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून काश्मिरी म्हणून घेतलेला गालिचा पहिल्या धुण्यातच कृत्रिम निघाल्याची तक्रार अनेक जण माझ्याकडे करतात. तोवर विक्रेता पुढच्या गावी गेलेला असतो. हातमागाचा माल हवा असेल तर २००६ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली हातमागाची खूण, म्हणजे हँडलूम मार्क, आहे का ते पाहावे.

नव्या गालिच्याचा वास

नव्या गालिच्याला जो उग्र वास येतो तो गोंद, रबरी थर आणि रंगातल्या रसायनांचा असतो. काहींना त्याने डोके दुखते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याच्या मुख्य कचेरीत १९८७-८८ मध्ये नवे गालिचे बसवले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्याच अनेक कर्मचाऱ्यांनी अशा तक्रारी केल्या होत्या. नेमके कोणते रसायन दोषी, यावर पुष्कळ वाद झाला. पण त्या घटनेनंतर गालिच्यांच्या वासाकडे जगभर लक्ष गेले.

आपण घाबरून जाण्याचे कारण नाही. नवा गालिचा आणल्याबरोबर बंद खोलीत अंथरू नये. ओसरीत किंवा गच्चीत उलगडून तीन-चार दिवस वाऱ्यावर ठेवावा. वास जाईपर्यंत त्यावर तान्हे मूल, बाळंतीण आणि दम्याचा रोगी यांना झोपवू नये. आठवड्यानंतरही तोच उग्र वास राहिला तर तो परत करावा. पक्के बिल घ्यायला सांगितले ते यासाठीही.

म्हाताऱ्या माणसांचा पाय आणि मधुमेही पाऊल

गालिच्याने होणारा सगळ्यांत मोठा अपघात म्हणजे पाय अडकून पडणे. गुळगुळीत फरशीवर सुटा गालिचा सरकतो. त्याचा वळलेला कोपरा रात्री लघवीला उठणाऱ्या आजोबांना दिसत नाही. साठी-सत्तरीत खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण, पाठीवर जखमा आणि छातीत कफ असे दुष्टचक्र सुरू होते. चालता-फिरता माणूस कायमचा अंथरुणाला खिळलेला मी पाहिला आहे. म्हणून पलंग ते न्हाणीघर या वाटेवर गालिचा, सतरंजी, पायपुसणे यांपैकी काहीही सुटे ठेवू नये. बैठकीतल्या गालिच्याखाली न सरकणारी रबरी जाळी घालावी. कोपरा वळू लागला की तो शिवून घ्यावा किंवा गालिचा काढून टाकावा. रात्री त्या वाटेवर लहानसा दिवा चालू ठेवावा.

मधुमेह जुना झाला की अनेकांच्या तळव्यांची जाणीव कमी होते. गालिच्याच्या केसांत हरवलेली सुई, टाचणी किंवा काच अशा माणसाच्या पायात घुसली तरी त्याला समजत नाही. तीन-चार दिवसांनी पाय सुजतो, पू होतो, तेव्हा कळते. ज्या घरात शिवणकाम चालते आणि मधुमेही माणूसही आहे, त्या घरात केसाळ गालिचा नकोच. मधुमेही माणसाने घरातही मऊ चप्पल घालावी आणि रोज रात्री तळवे पाहावेत.

अंथरण्याआधी फरशीची ओल पाहा

गालिचा अंथरण्याच्या जागी जमिनीतून ओल येते का, हे पाहणे सोपे आहे. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा फरशीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट लावाव्यात आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा फरशीचा रंग काळपटला तर जमिनीतून ओल येते. अशा ठिकाणी गालिच्याखाली बुरशी धरते, कुबट वास येतो आणि दमा वाढतो. ही परीक्षा पावसाळ्यात करावी, उन्हाळ्यात केली तर फसगत होते.

निगा कशी राखावी

गालिच्यावर कोरडा झाडू जोराने मारू नये. धूळ निघते त्याहून जास्त हवेत उडते. दर आठवड्याला उचलून अंगणात न्यावा, दोरीवर किंवा कठड्यावर टाकून पाठीकडून काठीने झोडपावा आणि दोन-तीन तास उन्हात ठेवावा. हे काम करणाऱ्याने नाकाला मास्क किंवा ओले फडके बांधावे. दम्याच्या रोग्याने हे काम करू नये आणि त्या वेळी जवळही थांबू नये. उचलल्यावर खालची फरशी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी.

व्हॅक्युम क्लीनर असेल तर चांगले, पण साध्या यंत्रातून बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. बारीक कण अडवणारी हेपा नावाची गाळणी ज्यात असते ते यंत्र उपयोगी. शक्यतो खिडक्या उघडून आणि रोगी बाहेर असताना ते फिरवावे.

कसरीसाठी डांबराच्या गोळ्या टाकण्याची पद्धत आहे. या गोळ्या नॅप्थॅलीनच्या असतात. लहान मुले त्या पेपरमिंट समजून तोंडात घालतात. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक विकर कमी असते. अशा मुलांच्या रक्तपेशी नॅप्थॅलीनमुळे फुटतात, लघवी काळसर होते आणि कावीळ होते. गोळ्या ठेवलेल्या ट्रंकेतून काढलेले पांघरूण तसेच तान्ह्या बाळावर घालणेही धोक्याचे. आधी ते धुवावे आणि उन्हात टाकावे. कसरीवर खरा उपाय स्वच्छता, ऊन आणि वापर हाच आहे.

गालिचा काढला म्हणून औषध सोडू नये

शेवटी एक महत्त्वाची सूचना. धूळ कमी केल्याने अनेकांना बरे वाटते. पण केवळ गालिचा काढल्याने दमा जातो, असे मुळीच नाही. किडे कमी करण्याच्या निरनिराळ्या उपायांच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हा एखादाच उपाय एकटा केल्याने दम्यात फारसा फरक पडत नाही असे दिसून आले आहे. शिवाय किड्यांचे सर्वांत मोठे वसतिस्थान गादी आणि उशी हे आहे, कारण तिथे आपण नाक खुपसून सात-आठ तास झोपतो. म्हणून पैसा आणि श्रम यांचा क्रम असा ठेवावा. आधी उशी आणि गादी उन्हात टाकणे, उशीचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुणे, मग गोधड्या, मग सोफा आणि गालिचा. घरात बिडी-सिगारेटचा आणि चुलीचा धूर असेल तर तो त्याहीआधी.

आणि डॉक्टरांनी दिलेला इन्हेलरचा पंप चालूच ठेवावा. पंपाची सवय लागते, हा गैरसमज आपल्या भागात अजून घट्ट आहे. पंपातून औषध सरळ छातीत जाते आणि मात्रा गोळ्यांपेक्षा फार कमी लागते. मूल निळे पडू लागले, बरगड्यांच्या मधली जागा आत ओढली जाऊ लागली किंवा धापेमुळे त्याला बोलता येईना, तर घरगुती उपायात वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

ज्यांच्या घरी आधीच गालिचा आहे त्यांनी तो फेकून देण्याची गरज नाही. झोपण्याच्या खोलीतून तो काढून बैठकीत न्यावा, कडा पक्क्या कराव्यात आणि उन्हाची सवय लावावी. नव्याने घेणाऱ्यांनी दुकानात शिरण्यापूर्वी घरातल्या माणसांची उजळणी करावी. रांगते मूल आहे का, दम्याचे कोणी आहे का, सत्तरी ओलांडलेले कोणी आहे का, मधुमेही आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर लांब केसांचा गालिचा दुकानातच राहू द्यावा आणि दोन चांगल्या सुती सतरंज्या घ्याव्यात. पाहुण्यांपुढे त्या साध्या दिसतील, पण घरातले मूल रात्री शांत झोपेल.

पुढील आठवड्यात याच विषयाला धरून गादी आणि उशी यांविषयी लिहिणार आहे. कापसाची की फोमची, किती वर्षांनी बदलावी आणि पिंजून घेतल्याने काय साधते, हे त्यात पाहू.